न गायलेली ओळ

अक्का, तुला मातीत ठेवून आम्ही घरी आलो. अंगणातल्या चपला अजून पांगल्याही नव्हत्या, तेवढ्यात शमुवेल आबा काठी टेकत माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "गाना म्हनत गयी ना सत्वशीला?"

मी मान हलवली. होय म्हणून की नाही म्हणून, ते माझं मलाच कळलं नाही. आबांनी होय धरलं. छातीवर हात ठेवून ते भिंतीकडच्या खुर्चीत टेकले आणि त्यांचा चेहरा निवला. गेल्या वर्षी रेल्वेच्या दवाखान्यातून त्यांना घरी आणलं तेव्हापासून आबा कुणाच्याही मयतीला हाच प्रश्न विचारतात, हे तूच माझ्या लक्षात आणून दिलं होतंस. ते दुसऱ्याचं विचारत नाहीत, स्वतःचं विचारतात, असं तू म्हणाली होतीस.

आपल्या ख्रिस्ती मंडळीची ती रीत तुला काय सांगायची. पण आता ती माझ्या गळ्यात पडली म्हणून मीच पुन्हा घोकते आहे. मयतीनंतरच्या रविवारी उपासना सरत आली की पाळकसाहेब त्या घरच्या माणसाला पुढे बोलावतात. शेवटच्या घटकेला जो उशाशी होता, त्याने उभं राहून आपलं माणूस कसं गेलं ते सांगायचं. आणि आजवर आपल्याकडचं जो जो गेला तो झकासच गेला. कुणी गात गेलं, कुणाला पत्र्यातून उजेड उतरलेला दिसला, कुणी हसतमुखाने 'आलो प्रभू' म्हणून डोळे मिटले. तू बायकांच्या पहिल्या रांगेत बसून पदराचं टोक बोटाला गुंडाळत हे ऐकायचीस. एकदा घरी येताना मेहरूणच्या तलावाशी थांबून तू म्हणालीस, "आपला मंडळीमा साधं कोनी मरतच नही व." मी रस्त्यातच खो खो हसले होते.

तू साधी मेलीस, अक्का. गात नाही गेलीस. हे तुला ठाऊक, मला ठाऊक, तिसऱ्या कुणालाही नाही. आणि येत्या रविवारी मला त्या सगळ्यांसमोर उभं राहायचं होतं.

त्या चार-पाच दिवसांत मी ब्लाउजला बाह्या उलट्या लावल्या. शिवणक्लासच्या मुली एकमेकींकडे बघायच्या, बोलायच्या नाहीत. मशीनवर पाय आणि डोक्यात तू. इतकी वर्षं जे भांडण आपण अर्धवट ठेवलं तेच तू माझ्या दारात टाकून निघून गेलीस, याचा मला रागच आला होता. खोटं कशाला बोलू, अजूनही आहे.

ते भांडण धुळ्याच्या मंडपापासूनचं. तू तेव्हा पहूरला शाळेवर होतीस. शेजारच्या सीताबाईचं पोर तापाने फणफणलं, तू रात्रभर त्याच्यासाठी गुडघ्यावर होतीस, आणि पोर वाचलं. ही गोष्ट कुणीतरी धुळ्याच्या सभेत बाहेरून आलेल्या वक्त्याच्या कानावर घातली. झालं. तुला मंडपात साक्ष द्यायला पुढे बोलावलं. माणसांनी मंडप गच्च भरलेला, नवापूरकडून ट्रकने आलेली मंडळी, माइक, पेट्रोमॅक्स. मी आपली ऐटीत बसलेले, की आता माझी बहीण बोलणार. तू माइक दोन्ही हातांनी धरलास आणि म्हणालीस, "मी प्रार्थना केली. जामनेरच्या डॉक्टरांनी इंजेक्शनही दिलं. मूल बरं झालं. देवाचे आभार." आणि खाली येऊन बसलीस. वक्त्याने 'हालेलुया' म्हटलं, पण ते गॅस गेलेल्या सोड्यासारखं फुसकं.

परतीच्या एस.टी.त पारोळा येईपर्यंत मी तुझ्याशी बोलले नाही. मग तोंड उघडलं ते बंदच होईना. इंजेक्शनचं नाव घ्यायची काय गरज होती? इतकी माणसं आशेने आली होती. भाजीला चिमूटभर मीठ घालतो तसं साक्षीला घातलं तर कुणाचं काय बिघडतं? तू खिडकीबाहेर बघत होतीस. मग म्हणालीस, "मंग ते इंजेक्शन कोनी दिधं? सैताननी?" पुढच्या बाकावरचा माणूस वळून बघायला लागला. तू आवाज खाली आणून समजावल्यासारखं म्हणालीस की मीठ घालायला माझी हरकत नाही, पण मग ती भाजी तुझी झाली, देवाची नाही राहिली. यावर मी चिडले. एरंडोलला तू भजी घेतलीस आणि पुडी माझ्यापुढे धरलीस. मी घेतली नाहीत. नंतर घेतली.

लोकांना वाटायचं तू कडक. मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं की कडक नव्हती, विचित्र होती. उपास-प्रार्थनेच्या आठवड्यानंतर तू उभी राहून सांगितलंस की मी उपास केला. पुढच्या रविवारी पुन्हा उभी राहिलीस. सगळ्यांना वाटलं आता काहीतरी दर्शन वगैरे सांगणार. तू म्हणालीस, "मागच्या रविवारी मी उपास केला म्हणून सांगितलं. मधे एके दिवशी मी चहा घेतला होता. तेवढं दुरुस्त करून घ्या." आणि बसलीस. पोरांनी तोंडात रुमाल कोंबले. मला वाटलं जमीन दुभंगावी आणि मला पोटात घ्यावं.

रविवार सकाळच्या मालिकेचे ते दिवस आठव. सगळी गल्ली टीव्हीपुढे, आणि आपली मंडळी उपासनेला अर्ध्या तासाने उगवायची. पाळकसाहेबांनी एकदा दारातच कारण विचारलं. कुणाची बस चुकली होती, कुणाकडे नळाला पाणी उशिरा आलं होतं. तू एकटीच म्हणालीस, "मालिका बघत होते, साहेब. चांगली आहे." तेव्हापासून उपासनेची वेळच पुढे ढकलली, आणि त्याबद्दल निम्म्या मंडळीने मनातल्या मनात तुझे आभार मानले असतील.

पण ह्याच खरेपणाने तुझं लग्न मोडलं, ते मी विसरत नाही. धुळ्याकडचे पाहुणे आले होते, मुलगा देखणा, नोकरी पक्की. मुलीचे बाप म्हणून दादांनी उसनी गादी आणून घातली होती. पोह्यांच्या बशा फिरत असताना मुलाच्या आईने काहीतरी विचारलं आणि तू शांतपणे सांगितलंस, "ह्या बाजूला बसा. मला डाव्या कानाने ऐकू येत नाही." कुणी कानाचं विचारलंच नव्हतं. त्यांनी पोहे संपवले, मग निरोप धाडतो म्हणाले, आणि निरोप आलाच नाही. दादा ओसरीवर पाठ करून बसून राहिले. मी तुझ्यावर तुटून पडले, की कान काय कुणाला दिसतो? तू बशा विसळत म्हणालीस, "रोज माझ्याशी बोलणाऱ्याला दिसला असता." रडली नाहीस. निदान माझ्यासमोर नाही.

त्या कानासाठी तू किती वर्षं प्रार्थना केलीस, ते फक्त मला माहीत आहे. मी एकदा रागाच्या भरात म्हटलंही, की त्याने तुझा एक कान बरा केला नाही आणि तू दर शनिवारी पहूरहून एस.टी.ने लोंबकळत येऊन त्याचं घर झाडतेस. तू खरंच देऊळ झाडायचीस. सतरंज्या उन्हात टाकायच्या, माठ घासून भरायचा, आणि झाडता झाडता ज्याच्या त्याच्या जागेवर त्याचं नाव घ्यायचं. इथे मार्थाबाई बसतात, त्यांचा जावई पितो. इथे आबा बसतात, त्यांना झोप येत नाही. माझ्या जागेवर आलीस की काय म्हणायचीस, ते कधी सांगितलं नाहीस. माझ्या त्या बोलण्यावर तू केर सुपात भरत म्हणालीस, "मी मांगं. त्यानी नही दिधं. मंग काय झाडू ठेवी देऊ?" 

यातच तू सगळी आलीस. मला हे तेव्हा हट्टीपणा वाटायचा. आज वाटतं, मिळेल या आशेने झाडणारे पुष्कळ असतात. मिळालं नाही हे उघड मान्य करून झाडणारी मी दुसरी कुणी पाहिली नाही.

आणि ती ओळ. आपण मयतीला म्हणतो त्या गाण्यात एक ओळ येते, मरणाचं मला मुळीच भय नाही अशी. सगळी मंडळी तिथे आवाज चढवते, तबलाही जोरात वाजतो. तू नेमकी तिथे गप्प व्हायचीस. ओठ मिटून उभी. पुढची ओळ, तूच माझा हात धरून आहेस अशी, ती आली की तू सगळ्यांहून मोठ्याने गायचीस. तुझा सूर कधीच जागेवर नसायचा आणि कान अर्धा, त्यामुळे पेटीवाला दचकायचा. मी तुला कोपराने ढोसायचे, की मधेच मुकी काय होतेस, लोक बघतात. तू म्हणायचीस की ती ओळ अजून माझी झालेली नाही. झाली की म्हणेन.

म्हणजे भीतीचं तू कधी लपवलंच नव्हतंस. आम्हीच ऐकलं नाही.

मूत्रपिंडं गेली, तू शाळा सोडून माझ्याकडे राहायला आलीस, ते सगळं लिहीत नाही. पाणी मोजून द्यायचं, चहा तर नाहीच, एवढं एक काम डॉक्टरांनी मला दिलं आणि मी ते पोलिसासारखं केलं. शेवटी डॉक्टरांनी मला बाहेर व्हरांड्यात बोलावून सांगितलं की आता घरी न्या, आता त्यांना काय हवं ते द्या. अक्का, मला ते ऐकू आलं होतं. माझे दोन्ही कान शाबूत आहेत. पण 'काय हवं ते द्या' याचा अर्थ काय होतो, तो मला नको होता. म्हणून घरी आणूनही मी तुला पाणी मोजूनच देत राहिले, आणि पाणी मोजतेय म्हणजे तू बरी होणार आहेस असं स्वतःला सांगत राहिले.

मंगळवारी दुपारी लाइट गेली होती. बाहेर ऊन नुसती आग ओकत होतं. मी खिडकीला ओली चादर बांधली आणि तुला पुठ्ठ्याने वारा घालत बसले. तू जागी झालीस, नीट जागी, आणि म्हणालीस, "माले भेव वाटस." मी काय केलं? मी गाणं सुरू केलं. तेच गाणं. तू बोटं हलवून मला थांबवलंस. मग थोड्या वेळाने लहान पोरीसारखं म्हणालीस, "घोटभर च्या दे ना व बाई."

मी म्हटलं, तू बरी हो, मग देते.

तू माझ्याकडे बघितलंस. तुझ्यापुढे कुणी साक्षीत मीठ घातलं की तू जशी बघायचीस, तशीच. मग भिंतीकडे मान वळवलीस. त्यानंतर बोललीच नाहीस. श्वास ओढत होतीस, माझं मनगट धरून ठेवलं होतंस, आणि ती पकड सैल झाली तेव्हा लाइट आली नि पंखा गरगरायला लागला.

रविवारच्या आधी पाळकसाहेब येऊन गेले. आताचे हे नवे पाळक म्हणजे पोरच, बिचारं सज्जन आहे. म्हणाले, ताई, लोकांना धीर येईल असं चार शब्द बोला, सत्वशीलाबाईंकडे सगळ्यांचं लक्ष असायचं. खरंच होतं ते. मंडळीत सगळ्यात जास्त देवाची म्हणून जिच्याकडे बोट दाखवायचे तीच घाबरत गेली म्हटल्यावर बाकीच्यांनी काय करायचं? आबांनी काय करायचं? मी ठरवून टाकलं की तू गात गेलीस असंच सांगायचं. एका म्हाताऱ्याला रात्रीची झोप लागेल. तू असतीस तर मी हे तुझ्याशी भांडून सिद्ध केलं असतं.

शनिवारी मात्र मी देवळात गेले. का, ते माहीत नाही. झाडायला कुणी नव्हतं म्हणून. सतरंज्या झटकल्या, माठ घासला. झाडता झाडता आबांच्या जागेवर आले आणि मला त्यांचं नाव घ्यावंसं वाटलं. नाव घेतलं, आणि पुढे काय मागावं ते कळेना. त्यांना खोट्याने शांत झोप लागू दे, असं मागता येतं का कुणाला? मी सूप तिथेच ठेवून रडले, अगदी आवाज काढून. तू गेल्यापासून पहिल्यांदा.

रविवारी उभी राहिले. म्हणाले, अक्का गात गेली नाही. तिला भीती वाटत होती आणि तिने तसं सांगितलं. मी गायला लागले तर तिने मला थांबवलं. देवावरचा तिचा जीव कमी झाला होता असं मला वाटत नाही. तिला भीती वाटली तेव्हा ती भीती म्हणूनच बोलली, एवढंच. सगळं देऊळ चिडीचूप. मग माझ्याच्याने त्या शांततेत थांबवेना आणि मी म्हणून गेले, "शेवटी तिने घोटभर चहा मागितला, तो मी दिला, आणि ती गेली." बायकांनी पदर डोळ्यांना लावला. बरं वाटलं सगळ्यांना. मलाही.

बाहेर उंबऱ्यापाशी आबांनी मला गाठलं. त्यांचे डोळे वाहत होते. मला वाटलं, घेतला मी ह्या माणसाचा आधार काढून. त्यांनी काठी भिंतीला लावली आणि माझे दोन्ही हात धरले. "माले वाटे," ते म्हणाले, "भेव फक्त मालेच वाटस."

पहूरहून सीताबाई घरी भेटायला आल्या होत्या, सोबत तापातून उठलेला तो मुलगा, आता मिशा फुटलेला. केळ्यांची फणी तुझ्या खाटेवर ठेवून त्या म्हणाल्या की बाई आमच्यासाठी देवाला सांगायच्या आणि डॉक्टरकडेही पिटाळायच्या, आता दोन्ही कोण करणार. मी त्यांना चहा केला. कप भरला तरी मी ओततच राहिले. चहा बशीत, ओट्यावर, सगळीकडे.

तुझं भांडण तू जिंकलीस असं मी म्हणणार नाही. अजूनही मला वाटतं की धुळ्याला इंजेक्शनचं नाव घेतलं नसतं तरी चाललं असतं. कानाचं तर नक्कीच. तू माझ्या जागेवर माझ्यासाठी काय मागायचीस, हे विचारायचं राहून गेलं आणि ते आता मला कुणी सांगणार नाही. पण तो आठवडाभर चहाचा कप मला हातात धरवेना. लोक येत होते, म्हणत होते, बरं झालं बाई, शेवटची इच्छा तरी पुरी झाली. मी हो म्हणत होते. प्रत्येक 'हो'बरोबर तू भिंतीकडे मान वळवत होतीस.

आज सकाळी, दुसऱ्या रविवारी, पाळकसाहेबांनी साक्षीसाठी कुणी आहे का विचारलं आणि मी उठले. लोकांना वाटलं, तुझीच आणखी एखादी आठवण सांगणार. मी म्हणाले, "मागच्या रविवारी मी अक्काला शेवटी चहा दिला म्हणून सांगितलं. दिला नव्हता. तिने मागितला होता. तेवढं दुरुस्त करून घ्या."

कुणी हसलं नाही. पेटीवाल्याला काय सुचलं कोण जाणे, त्याने तुझंच गाणं धरलं. ती ओळ आली, तबला चढला, आणि मी ओठ मिटून उभी राहिले. पुरुषांच्या बाजूला आबाही गप्प उभे होते, काठीवर दोन्ही हात ठेवून. मग पुढची ओळ आली. ती मी म्हटली, अक्का. मोठ्याने, बेसूर, रडत रडत म्हटली.